हिरवा ठिपका

देवास गेटच्या स्टँडवर मी इंदूरच्या बसची वाट बघत होतो. बाजूच्या बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते.

"मी आज ऑफिसला नाही जात, बाबा."

"पहिली नोकरी आहे, मुक्ता. दुसऱ्याच हफ्त्यात दांडी?"

"शेवेच्या पाकिटाचं डिझाइन माझ्याकडे होतं. मी सगळं चॉकलेटी रंगात केलं. त्यात तो व्हेजचा हिरवा ठिपका डोळ्यांत चुभत होता, म्हणून तोही चॉकलेटी केला."

"म्हणजे शेव एकदम नॉनव्हेज?"

"हसू नका ना! काल सगळी पाकिटं तशीच छापून आली."

"सेठजी चिडले असतील."

"बिलकुल नाही. इतकंच म्हणाले, बेटा, माझी आई बाहेरचं काही तोंडात घालण्याआधी तो ठिपका शोधते. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं?"

"कॉलेजात असं केलं की शाबासकी मिळायची. तिथे आमची पाकिटं भिंतीवर लावायचे, बाबा. त्यातलं कुणी खात नव्हतं."

"आता खातील. चल ऊठ, बस लागली."