रुमालाखालचा हात

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माह्या पुढं उकंडाभाऊ अन् ताहेरभाई बोलून राहिले होते.

"काहून अडली रांग, ताहेरभाई?"

"थो विलायतेचा साहेब. रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवा लागते नं? लेकाचा भाव ठरल्यावरबी हात सोडत नाही."

"मंग करते काय?"

"काई नाही. नुसता धरून बसते. दिसभर कापूस, रातभर हिशेब. त्याच्याशी दोन शब्द बोलीन असं इथं कुत्रंबी नाही."

"तं जाय म्हणा आपल्या घरी! इथं माहे बैल तहानले. हात धराले बायको नाही भेटली का याले?"

"तुहीच पाळी आली. सांग त्याले तोंडावर."

"सांगतोच! बोटं दाबीन अन् हात झटकून देईन."

उकंडाभाऊ साहेबासमोर बसला. हातावर रुमाल पडला. रांग काई हालेना.

"ओ उकंडाभाऊ! झटक नं हात! का साहेबानं बांधून ठेवला?"

"हळू बोंबल, ताहेरभाई. झोपला लेकाचा."

"मंग ओढून घे हात!"

"तू माह्या बैलायले पाणी पाज."