कोंबड्यांची बाग

गिरिधर : ...अन् विहीणबाईनं तं खुर्ची उचलून तुह्या जाळीपाशीच नेली. म्हणे, कोंबड्यांच्या जागेत इतकी सुंदर बाग मी कुठे पाहिली नाही.

सत्यवती : कोंबड्या तं नव्हत्या तवा तिथं.

गिरिधर : त्या ताटात होत्या ना. जावयानं रस्सा मागून घेतला.

सत्यवती : मले काल सकाळी बाजारात पाठवलं अन् मागून कापल्या. सांगाचं होतं दादा.

गिरिधर : सांगितलं असतं तं कापू दिल्या असत्या?

सत्यवती : नाही.

गिरिधर : मंग.

मीराबाई : रांधल्या तं हिनंच. डोळे पुसत पुसत. मले भेव, रस्सा खारट होते का काय.

सत्यवती : वहिनी, तुम्हीच म्हणाल्या होत्या, वास नको, जाळी दिसाले नको, झाडं लाव. मले वाटलं, ठेवू देता आता कोंबड्या.

मीराबाई : प्रेमिलाले पाहाले लोक येणार, मागचं आंगण तेवढं चांगलं दिसाव, म्हणून म्हटलं. मी तं गुलाबी कण्हेर लाव म्हणत होती. हिनं लावू दिली नाही. खाऊन कोंबडी मरते म्हणे. एरंड उगवला तं तो बी उपटला. तोंडलीचा वेल, जास्वंद, झेंडू, पुदिना, सारं कोंबड्यायच्या पोटाले विचारून लावलं.

सत्यवती : त्या चोच मारतेत ना वहिनी. सांगून थोडी ऐकतेत.

गिरिधर : आता काही भेव नाही. लाव कण्हेर खुशाल.

सत्यवती : जमलं ना पण पोरीचं?

गिरिधर : पक्कं. हिंगण्याले यंदाच कारखाना सुरू झाला त्यायचा. सदरले बंगला. माह्या सीताबर्डीच्या दुकानाकडं पाहून कोण देते असं स्थळ? बस इथं. तुले एक सांगाचं आहे.

सत्यवती : उभीच ठीक आहे मी.

गिरिधर : काल तू हापशीवर भांडे घासत होती. विहीणबाईनं विचारलं, ही कोण?

सत्यवती : ऐकलं मी. वहिनीनं सांगितलं, मालीण आहे.

मीराबाई : मंग काय सांगाचं? नवऱ्यानं टाकून दिलेली नणंद? आम्ही पहिलेच सांगून ठेवलं होतं, यायले बहीण नाही म्हणून.

सत्यवती : नाही म्हणून?

गिरिधर : तसं बोलाव लागते सत्ये. पोरीचं लग्न आहे.

सत्यवती : मले वाटलं, त्या घडीपुरतं म्हटलं वहिनीनं. प्रेमिला बाजूलेच उभी होती. ती बी काही बोलली नाही, तं मी बी चूप राहिली.

गिरिधर : बरं केलं. आता असं आहे, त्यायच्या बंगल्यामागं मोठी जागा पडून आहे. विहीणबाई म्हणे, तुमची मालीण आमच्याकडे पाठवून द्या. मी हो म्हटलं.

सत्यवती : किती दिवसासाठी?

गिरिधर : मागं खोली आहे. टिनाची आहे, पण नवी आहे. जेवण त्यायचंच.

सत्यवती : किती दिवसासाठी दादा?

मीराबाई : आता पोरगी तिथंच नांदणार. वर्षा-दोन वर्षानं आत्या कुठून आणाव आम्ही?

सत्यवती : अन् लग्नात? लग्नात मी कुठं उभी राहू?

मीराबाई : हार तुलेच करा लागन. तिकडची मालीण म्हणूनच येजो. मागच्या दारानं फुलं देऊन जाजो.

सत्यवती : तिले मी न्हाऊ घातलं वहिनी. तुम्ही बाळंतपणात बिमार होत्या, तवा रातभर छातीवर घेऊन बसली मी.

मीराबाई : खाल्लं बी ना मंग या घरचं.

सत्यवती : मी नाही जात.

गिरिधर : नको जाऊ. जबरदस्ती नाही. मी आजच सदरले जातो, खरं काय ते सांगून येतो. मोडन ते मोडन. प्रेमिलाले मात्र तू सांग, काहून मोडलं ते.

(सत्यवती रिकाम्या खुराड्याचं दार लावून घेते.)

सत्यवती : कवा जाव लागन?

गिरिधर : सोमवारी. त्यायची गाडी येईन. ट्रंक नको नेऊ. मालीणबाईजवळ ट्रंक राहत नाही. गाठोडं बांध.

सत्यवती : अन् ती सासरी आल्यावर? दिवसभर डोळ्यापुढं राहीन मी. तिच्या तोंडात आत्याच बसलेलं आहे दादा. बोलता बोलता निघून जाईन एखाद्या दिवशी. तिच्या सासूपुढंच निघालं तं पोरीचे हाल होतीन.

गिरिधर : ते मी बी म्हटलं मीराले.

मीराबाई : नाही निघत. सकाळी तिची वेणी घालता घालता मी म्हणवून घेतलं तिच्याकडून. मालीणबाई, झाडांना पाणी घाला. मालीणबाई, फुलं आणा.

सत्यवती : म्हणाली?

मीराबाई : आरशात पाहून म्हणाली. एकदा बी अडकली नाही.