साडेआठ फॅटची गोळी

…आणि वर तुम्ही म्हणणार, हा थापा मारतोय. अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय, माझ्या डोळ्यांनी बघितलेला. म्हणजे बघितला न्हाय, मी तवा मलकापूरला पावण्यांच्याकडं गेलतो, पण कृष्णातनं स्वतः सांगितलं, आणि कृष्णात खोटं बोलत न्हाय… बायको सोडून. तर तेच सांगतोय की.

हा कृष्णात उचगावात दूध संस्थेत फॅट काढतो, म्हणजे दूध किती दाट ते यंत्रावर मोजतो. वीस वर्षं झाली. दुधात पाणी किती हे यंत्राच्या आधी ह्याची जीभ सांगते. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर ह्याचं औषध एकच, म्हशीचं दूध. म्हैस आजारी पडली तर तिलाबी तिचंच पाजंल हा माणूस. मन साफ हो त्याचं.

त्याची बायको पूर्णिमा, म्हणजे आमची वहिनी. तिला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, परत आले. मग दुखणं उलटू नये म्हणून डॉक्टरांनी हार्मोनची गोळी लावली, रोज एक, पाच वर्षं. आता ती गोळी कॅन्सरला अडवते पण हाडं ठिसूळ करते, म्हणून हाडांसाठी आणखी एक गोळी, आठवड्यातनं एकदा, रविवारी. वहिनी रक्त द्यायला आत गेलती तेवढ्यात डॉक्टरांनी सगळं कृष्णातलाच समजावलं. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं न्हाय, काही खायचं न्हाय. आणि रोज चालायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, हातात थोडं वजन घ्यायचं. कृष्णातनं मान हलवली. तुम्हाला सांगतो, आमच्याकडं माणसानं एवढ्या लगेच मान हलवली की समजायचं, हा आपल्याच मनाचं करणार.

रस्त्यातच ह्याचं डोकं सुरू. गोळी हाडाची, आणि ती पाण्याबरोबर? पाणी म्हणजे तर भेसळ! मग काय, दर रविवारी गडी पहाटे संस्थेत, येईल त्या किटलीचं फॅट लावून बघतोय. सात लागलं, नको. साडेसात, नको. धोंडुबाईच्या म्हशीचं साडेआठ लागलं की तांब्या भरून घरी, उकळून, निववून बायकोपुढं. दूध इतकं दाट, इतकं दाट की गोळी घशाखाली उतरायला तयार न्हाय, सायीवर बसून परत जिभेवर. वहिनी म्हणायची, पाणी द्या की. हा म्हणायचा, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि व्यायाम? भेगाळलेलं मडकं कुणी हलवतं का? तिला बसवली खुर्चीत. दळण ह्यानं आणलं, हंडे ह्यानं उचलले, तांब्यातलं उरलेलं दूध बी ह्यानंच संपवलं. मन साफ हो त्याचं.

वर्षानं हाडांची तपासणी झाली, तर हाडांचा आकडा पहिल्यापेक्षा खाली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? दोघंबी म्हणाली, एक रविवार चुकला न्हाय. खरंच होतं की ते. डॉक्टर कोड्यात पडले, पंधरा दिवसांनी या म्हणाले.

तिथनं कृष्णात गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेला, तर तिथं हाडं तपासायचं फुकट शिबिर. दुकानातली अवंतिका म्हणून पोरगी, तिनं ह्याची टाच यंत्रात घातली आणि म्हणाली, काका, तुमची हाडं पंचविशीतली हायत. ह्याची छाती फुगली. मग तिनं चिठ्ठी बघून सहज विचारलं, "काकी साध्या पाण्यातनंच घेतात न्हवं? दुधातनं घेतली तर दूध त्या गोळीला धरून बसतंय, अंगात उतरूच देत न्हाय. घेतली न घेतली सारखीच."

बावन्न रविवार! टाच अजून यंत्रातच होती.

घरी जाऊन सांगितलं का? सांगतोय कशाला. आठ दिवस गप्प. चहा कोरा प्यायला लागला, संस्थेत किटलीचं झाकण उघडलं की तोंड फिरवायला लागला. आणि घरात वहिनी आपल्याच अंगाला शिव्या घालत बसलेली… आधी गाठ केलीस, आता हाडंबी सांभाळंनास, मेल्या अंगा. हा ऐकायचा आणि हंडा उचलून बाहेर जायचा. मन साफ होतं हो त्याचं… पण आठ दिवसांत साफ दूध बी नासतं.

नवव्या दिवशी वहिनी हार्मोनच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन केराच्या डब्याकडं निघाली. "ही गोळीच हाडं खातीया, आन् हाडाची गोळी ह्या अंगाला लागंना. आजपासनं बंद. कॅन्सर आला तर येऊ दे, पायावर उभी असताना तरी येऊ दे."

आता सांगा, काय करायचं त्यानं? गप्प बसला तर बायकोला जगवणारी गोळी केरात. बोलला तर… त्यानं तिचा हात धरला, हळू, मोडायला नको म्हणून, आणि म्हणाला, "तुझ्या अंगाचा दोष न्हाय. मी दुधातनं दिली. डॉक्टर पाणी म्हणालते."

वहिनीनं त्याच्याकडं बघितलं. बघता बघता हसायलाच लागली, पोट धरून, "साडेआठ फॅट व्हय?" म्हणत, डोळ्यांतनं पाणी, शेजारची बाळाबाई धावत आली, तिला वाटलं परत काय झालं… आणि पाकीट फळीवर परत.

असं ऐकलं की बरं वाटतं न्हवं? मलाबी वाटलं, म्हणून घातलं. पाकीट परत ठेवलं हे खरं, दोघं डॉक्टरांना सगळं सांगून आली हेबी खरं. हसण्याचा भाग तेवढा माझा. वहिनी हसली न्हाय. पाकीट तिनं फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "आठ दिवस मी माझ्या अंगाला शिव्या घालतीया, आन् तुमी ऐकत हुता. त्या सगळ्या आता तुमी घ्या."

"व्हय," म्हणाला कृष्णात. दुसरं काय म्हणणार?

आता रविवारी ती साध्या पाण्यातनं गोळी घेते, भिंतीला धरून टाचा उचलते. अर्धा तास काही खायचं नसतं, त्यामुळं तोंड मोकळंच… शिव्या आठ दिवसांच्याच हायत, पण कोल्हापुरी. दिवाळीपर्यंत पुरतील म्हणतोय कृष्णात.