मत काटो

२०२४ साल. हिंदी मुलखातल्या चेरीतालच्या मतदान केंद्राबाहेर रांगेत अंजनीबाईंच्या पुढे डोमाजी आणि कुसुमबाई हे म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

“सडक रुंद करायले वळणावरचा आपला कडुलिंब तोडतात म्हणे. दोन्ही पक्षवाले तर हरियाली हरियाली करून राहिले!”

“ते नव्या रोपांचं बोलून राहिले, कुसुम.”

“रोपाखाली खाट टाकाल का तुम्ही?”

“अच्छा, तू मत कोणाले देतं?”

“जो हिंदीत ‘मत काटो’ म्हणेल, त्याले माझं मराठीतलं मत.”

“तसा कोणी उभाच नाही ना!”

“मग मी बटण कोणतं दाबू जी?”

निकाल लागला, सडक रुंद झाली. डोमाजींची खाट घरात गेली, कुसुमबाईंनी दाराला जाड पडदा लावला. आणि अंजनीबाई अजूनही त्या वळणावर, सावली आल्यासारखा, उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर खांद्यावर उतरवतात.