बसून राहिला तरी

जबलपूरच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं ऐकायचं नाही, असं हेमलतानं ठरवलं होतं. पण कान काही ऐकेनात.

"आमचे हे बंद खोलीत सिगडी पेटवून झोपले, अन् बेशुद्ध! आता बरे हायेत. डॉक्टर म्हणे, ऑक्सिजन कमी पडला की पहिले मेंदूच हात टेकते."

"अच्छा! मंग डोक्याले आराम द्या म्हणा."

"तेच म्हटलं मी. तं डॉक्टर म्हणे, मेंदूले काम दिलं तं तो जरासं जास्त मागते, पण नुसता बसून राहिला तरी त्याचं खाणं काही कमी होत नाही."

"कलावती, हे मेंदूचं सांगून राहिली, का भाऊजींचं?"

तेवढ्यात आतल्या खाटेवरून आवाज आला, "अवो, भूक लागली!"

कलावतीनं डबा आधीच उघडला होता.