दिनानाथरावांच्या अकरा फ्लॉप्या

नाही, पण मी म्हणतो, उघडून बघायला माणसाचं काय जातं? दोन मिनिटं? आमचे दिनानाथराव, तुम्हाला सांगतो, वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर, रिटायर माणूस, मेथीची जुडी घेताना दोरा सोडून काडी न् काडी तपासणार, दुधाच्या पिशवीला नाक लावणार, नारळ कानाशी हलवणार, भाजीवाला ह्यांना लांबून बघितलं की पाट्या झाकतो... आणि सहा वर्षं एका बोटाने टाईप केलेलं पुस्तक जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या कॉम्प्युटरवर नेलं, ते उघडून बघतील तर शपथ.

आणि पुस्तक काय साधंसुधं? 'माझी वाडी, माझी माणसं'. दिनानाथराव मूळचे भुईगावचे, बागायतदार घर, केळी, नारळ, पानवेल. सुरुवात कुठून, तर वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला तिथून. स्वतः जन्माला येईपर्यंत त्यांना तिसरं प्रकरण उजाडतं. पण खरं सांगू का, तो किल्ला, ती माणसं, ते नारळ, सगळा पसारा एका सातव्या प्रकरणासाठी होता. वाडीत एक बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं हो, हिश्श्यात आलेलं ह्यांच्या, पण पाणी ह्यांचंही आणि चुलतभाऊ शांतारामचंही. शांताराम हात जोडून म्हणाला होता, "दिन्या, जमीन हवी तर विकून टाक, पण बावखल बुजवू नको. विहिरी खाऱ्या होतील." ह्यांनी बुजवलं. बिल्डरला दिलं. त्यातनं हा फ्लॅट आला, आणि दोन उन्हाळ्यांत शांतारामची विहीर खारट झाली, पानवेल वाळून गेली. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद, लग्नकार्याला नाही, मयताला नाही. तर सातव्या प्रकरणात ह्यांनी लिहिलं होतं, शांताराम बरोबर होता, चूक माझी, मला माफ कर. भुईगाव इथून रिक्षाने किती लांब? जाऊन तोंडाने म्हणायची छाती नाही म्हणून माणूस चारशे पानं लिहितो, आता बोला.

बरं, जुना कॉम्प्युटर. चालू केला की आधी खोकायचा, मग थरथरायचा, मग चहा पिऊन या म्हणायचा. मुलगा सुमेध पुण्याला, तो फोनवर करवादला, "बाबा, नवा घ्या. फायली कॉपी करायच्या, पेस्ट करायच्या. पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटं! दिनानाथरावांनी अकरा फ्लॉप्या आणल्या, अकरा प्रकरणांच्या अकरा. आमच्या जयवंतीवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, विचारतात, "अहो, एकीत दोन-तीन मावत नाहीत का?" तर म्हणे, "मावतात. पण दाटीवाटी कशाला?" प्रत्येक फ्लॉपीवर स्केचपेनाने नाव, प्रत्येकीला रबरबँड, मग एकेक फ्लॉपी जुन्यात घाल, घर्रर्र ऐक, काढ, फुंकर मार, नव्यात घाल, घर्रर्र ऐक... सगळा दिवस. संध्याकाळी नव्या कॉम्प्युटरवर फायली मोजल्या. अकरा गेल्या, अकरा आल्या. वहिनी म्हणाल्या, "एखादी उघडून तर बघा." दिनानाथराव म्हणाले, "आल्या म्हणजे आल्या. माणूस स्टेशनावर उतरला की त्याला उघडून बघतो का आपण?" पाहुण्यांच्या बॅगा वास घेऊन उचलणारा माणूस हा, पण फाईल उघडून बघतील तर शपथ.

आणि जुना कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी दुकानदाराला बदल्यात देऊन मोकळे. तो गेला कामणच्या भंगाराच्या गोदामात, तिथे त्याची हाडं वेगळी आणि मांस वेगळं झालं.

आता ऐका, मेख कुठे आहे. कॉम्प्युटरला काय आईच्या पोटातनं मराठी येत नाही. त्यात मराठी अक्षरं वेगळी भरावी लागतात, फॉन्ट म्हणतात त्याला. जुन्यात ती भरली होती कॉम्प्युटर क्लासवाल्या रमेशने, कुठून उचलली देव जाणे, त्या फॉन्टला नावसुद्धा स्वतःचंच दिलं होतं पठ्ठ्याने. तर झालं काय, फायली आल्या नव्या घरी आणि अक्षरं राहिली जुन्या डब्यात. सगळं बिऱ्हाड टेम्पोत भरलं आणि बायकोला विसरून आले, त्यातली गत.

तर ह्यांनी फायली सीडीवर घेतल्या, गेले वसई गावात आग्नेलच्या छापखान्यात. एकसष्टी आलेली, हॉल ठरलेला, पत्रिकेत 'पुस्तक प्रकाशन' छापून मोकळे झालेले. आग्नेलला म्हणाले, "पोर्तुगीजांपासूनचा इतिहास आहे, नीट छाप." आग्नेलने प्रूफ पाठवलं, जाडजूड गठ्ठा, सुतळी बांधलेला. दिनानाथराव म्हणाले, "मीच लिहिलंय, मीच काय वाचू?" आणि गठ्ठा तसाच परत. सुतळी सोडून बघतील तर शपथ.

एकसष्टीच्या आदल्या दिवशी पुस्तकं आली. शंभर प्रती. कव्हर काय सुंदर, नारळाची झाडं, वर झोकदार मराठी नाव, ते आग्नेलने पेंटरकडनं काढून घेतलेलं. आणि आत... पहिल्या पानापासून चारशेव्यापर्यंत इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टक्का, पौंडाचं चिन्ह, डोक्यावर टोप्या घातलेले ए न् ओ, सगळी दाटीवाटीने उभी. दिनानाथराव जे मट्कन खाली बसले ते फरशीवरच, सोफा दोन हात लांब होता. फोन लावला आग्नेलला. आग्नेल शांतपणे म्हणतो, "काका, मी बघितलं ना. चर्चच्या जुन्या वह्यांत अशीच टोप्यांची अक्षरं असतात. मला वाटलं, तुम्ही पोर्तुगीजांचं पोर्तुगीजमध्येच लिहिलंय. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, लिहीलही." आता ह्याला काय म्हणणार? माणसाने विश्वास तरी किती ठेवावा दुसऱ्याच्या शिक्षणावर!

मग धावपळ. रमेशला शोधा, तर रमेश मस्कतला. दुसरे मराठी फॉन्ट घालून बघितले, तर इंग्रजी गोंधळ जाऊन मराठी गोंधळ आला, नुसते ठ, ढ आणि क्ष, अख्ख्या किल्ल्याची लढाई तीन अक्षरांत. दिनानाथराव म्हणाले, "कार्यक्रम रद्द." डोळ्यांत पाणी होतं हो, खोटं नाही सांगत. "सगळ्यांचं सोड गं, पण शांतारामला मी आमंत्रण धाडलंय, 'सातवं प्रकरण तुझ्यावर आहे' असं लिहून. तो येतो म्हणालाय." वहिनी पुऱ्यांचं पीठ मोजत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "रंगीत कागदात बांधा आणि वाटा. तुमचे नातेवाईक मी तीस वर्षं बघतेय."

झाला कार्यक्रम. प्रमुख पाहुणे गंगाराम सर, रिटायर हेडमास्तर. स्टेजवर कागद फाडला, पुस्तक कव्हर पुढे करून फोटोपुरतं धरलं, आणि माईकवर काय म्हणाले? "हे पुस्तक मी एका बैठकीत वाचून संपवलं. काय ती ओघवती भाषा, शब्द न् शब्द वसईच्या मातीतला." अहो, दोन मिनिटांपूर्वी हातात मिळालंय तुमच्या! दिनानाथराव बाजूला उभे, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आता सर पान उलटतील, मग उलटतील... उलटतील तर शपथ. मागच्या रांगेत शांताराम बसला होता. प्रत घेतली, काखेत मारली, जेवायला न थांबता गेला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. एक आत्या म्हणे, "आईचं प्रकरण वाचताना पदर भिजला रे." ह्यांचे एक जुने साहेब म्हणे, "शैली तुमची, पण थोडं लांबलंय." लांबलंय! एका भाच्याने तर शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. दिनानाथराव आधी लाजले, मग चिडले, मग प्रत्येकाला गोड आवाजात विचारायला लागले, "कुठलं पान आवडलं?" आणि लोक पानं सांगत होते हो, बिनधास्त, आकड्यासकट. शंभर घरांत शंभर प्रती, एक माणूस उघडून बघेल तर शपथ.

पण ह्यांचे कान बेलकडे. भुईगावहून काही नाही. आणि आठवड्याने बेल वाजली, दारात शांताराम. मी तिथेच होतो, साखर मागायला गेलो होतो, साखर घेऊनसुद्धा गेलो नाही. इतक्या वर्षांनी ह्या घरात पाऊल, पण बसला नाही. पुस्तक काखेत तसंच, रंगीत कागद फक्त एका कोपऱ्याला फाटलेला. म्हणाला, "सातवं प्रकरण वाचलं. चारचौघांत माझी बदनामी करायची नव्हतीस, दिन्या."

दिनानाथरावांचा चेहरा असा झाला... आता काय म्हणणार? तू वाचलेलं नाहीस म्हणावं, तर पुस्तकात काय छापलंय ते गावभर होणार. गप्प राहावं, तर भाऊ कायमचा गेला. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "शांताराम, अरे, त्यात मी तुझी माफी मागितलीय."

शांतारामने पुस्तक या काखेतनं त्या काखेत घेतलं. "तीपण वाचली," म्हणाला, "पण मनापासून वाटली नाही."

दिनानाथरावांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी चहाचं आधण वाढवलं. मग शांतारामला खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बस. दुसऱ्या आवृत्तीत सुधारतो."