कुलकर्ण्यांचे सोनेरी मासे

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं ना, तेव्हाची गोष्ट. बोईसरचे आमचे शेजारी कुलकर्णी, पक्के शाकाहारी, हौसेनं मुंबईहून बरणीत दोन सोनेरी मासे घेऊन आले.

"हे खातात काय?" वहिनींनी विचारलं.

"अगं, तेच विचारायचं राहिलं!"

वहिनींनी वरणभात घातला. पाणी पिवळं झालं, मासे वर येऊन आ वासू लागले. घाबरून त्यांनी पाणी बदललं आणि जन्मात पहिल्यांदा सातपाटीच्या कोळणीला दारात बोलावलं.

ती बरणीत डोकावली. "एवढुशानं कोनाचा पोट भरनार, बाय?"

"खायचे नाहीत हो! त्यांना खायला काय घालू?"

"आमी मासे खातो. मासे काय खातात, कदी इचारलाच नाय!"

शेवटी कुलकर्णी मुंबईला जाऊन दुकानदाराला विचारून आले. मासे जगले. कोळीण मात्र रोज दारावरून जाताना ओरडायची, "बाय, पावने जेवले काय?"